चिखल काढून गेलेल्या त्या पोरांचे आभार

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या आमच्या घरात छातीच्याही वर चढलं. ओसरलं तेव्हा आत गुडघाभर चिखल होता, आणि लाकडी दार फुगून उघडेना. आम्ही दोघं म्हातारी माणसं, सुचेनासंच झालं होतं.

घाटावरून आलेली पाच-सहा पोरं फावडी-घमेली घेऊन आत शिरली. "काकू, ओला आहे तोवरच निघतो, सुकला की दगड होतो," म्हणत त्यांनी चिखल उपसला, टँकरच्या पाण्याने भिंती वरून खाली धुतल्या. वायरमनने बोर्ड तपासेपर्यंत मेन स्विचला कुणाला हात लावू दिला नाही.

त्यातला एक चष्मेवाला मुलगा मात्र ओटीवर बसून होता. आमच्या लग्नाचे चिकटलेले फोटो त्याने ओढून काढले नाहीत; स्वच्छ पाण्याच्या टपात भिजवून, एकेक अलगद सुटा करून दोरीला चिमट्यांनी लावला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला! बरेच वाचले.

चूल बंद, त्यामुळे तुम्हाला साधा चहाही देता आला नाही. उलट तुमच्याच डब्यातली खिचडी आम्ही खाल्ली. नावंही विचारायची राहिली. बाळांनो, मनापासून आभार. घर आता नीट झालंय. चिपळूणला याल तेव्हा जेवायलाच या.