बदली आणि पोच

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू त्या आइस हॉकीवाल्या सुंदीनवर इतका तावातावाने बोलत होतास की मला हसूच आलं. 2008 सालची गोष्ट! तेव्हा तू साताऱ्यात सहावीत होतास, आणि आता टोरांटोत राहतोस म्हणून तिथल्या लीफ्स संघाचा जुना राग अंगावर घेऊन बसलास. कर्णधार असून त्याने बदलीला नकार दिला, उन्हाळ्यात करार संपला आणि संघाच्या हाती काही लागलं नाही, हे खरं. पण नकाराचा हक्क संघानेच सही करून दिला होता ना? मला तर त्याचंच पटतं.

बँकवाल्याच्या बायकोला बदली शिकवावी लागत नाही. तुझ्याकडे आले होते तेव्हा हे ‘नो-ट्रेड’ प्रकरण म्हणूनच मला पटकन कळलं. संमतीशिवाय दुसऱ्या संघात पाठवता येणार नाही, एवढंच त्यात असतं. खालच्या दर्जाच्या एएचएल लीगमध्ये मात्र धाडता येतं. ‘नो-मूव्हमेंट’ असेल तर तेही नाही. पण पैसे मोजून करार मोडायला संघ तरीही मोकळा. शिवाय हे कवच उगवत्या पोरांना नाही: वय 27 किंवा वरच्या एनएचएल लीगमध्ये 7 हंगाम झाल्यावरच ते लागू होतं. काहींचं अर्धवटच, म्हणजे ‘या 10 संघांत नको’ अशी नुसती यादी.

त्या यादीवरूनच मला दादोनोव्ह नावाचा खेळाडू आठवतो. ओटावा संघाने त्याला करारात अशी यादी दिली, मग वेगासला पाठवलं. मार्च 2022 मध्ये वेगासने त्याला अ‍ॅनाहाइमला देऊन टाकलं, आणि अ‍ॅनाहाइम नेमकं यादीत! वेगासचं म्हणणं, आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही. दोन दिवसांत लीगने सौदा रद्द केला आणि गडी परत त्याच संघात खेळायला आला. दोन्हीकडच्यांना कसलं अवघडल्यासारखं झालं असेल!

तुझ्या दहावीच्या वर्षी आपलंही तेच झालं. ‘परीक्षा होईपर्यंत हलवू नये’ हा बाबांचा अर्ज जुन्या साहेबांनी तोंडी मान्य केला होता. साहेब बदलले, अर्ज कुठल्याशा फायलीत राहिला, आणि जानेवारीत लातूरची ऑर्डर हातात. सौदा रद्द करणारी लीग आपल्याकडे कुठली? तू नि मी नगरला राहिलो, बाबा तिकडे मेसचा डबा खात होते. शनिवारी रात्री एसटीने यायचे ते आधी तुझी गणिताची वही मागायचे.

आणि सुब्बान! माँट्रियल संघाने त्याच्याशी 2014 मध्ये 8 वर्षांचा, 7 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला. त्यातलं नो-मूव्हमेंट 1 जुलै 2016 पासून सुरू होणार होतं. 29 जूनला त्याला नॅशव्हिलला पाठवून दिलं. दोन दिवस, ओंकार! कलम होतं, सही होती, फक्त तारीख उजाडायची होती. सुंदीनवर चिडतोस तेव्हा याचाही हिशेब धर. याच्या वेळी संघाला कुणी बेइमान म्हटलं तर तू म्हणशील, ‘आई, हा धंदा आहे.’ मग सुंदीनचा धंदा नव्हता का?

बाबांच्या त्या अर्जाची झेरॉक्स परवा कपाटात सापडली. खाली सही, तारीख, सगळं आहे. आवक विभागाचा शिक्का तेवढा नाही. पोच घ्यायची राहून गेली, असं ते आजही म्हणतात.

या पत्राची पोच मात्र दे.

तुझी,
आई