येळवशीच्या दिवशी तरी टेस्ट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत थंडीचा फायदा कसा उठवावा यावर लेख होता. पहाटे चारला उठा, थंडीत डोकं ताजं असतं, अभ्यासाचे दोन तास वाढवा. माझ्या खाणावळीतल्या एका पोरानं तो कापून भिंतीला चिकटवलाय. म्हणून हे पत्र.

मी लातुरात १२ वर्षांपासून क्लासच्या मुलांना डबा देते. नीट, जेईई, बारावी मिळून ४० पोरं. चारला रोज मीच उठते, त्यामुळं पहाटेचं कौतुक मला कुणी सांगू नये. साडेपाचला कानटोप्या घातलेली पोरं दारात उभी राहतात, अर्धी झोपेतच. परवा एकानं पोह्यांवर चहा ओतला आणि तसेच खाल्ले, त्याला कळलंसुद्धा नाही. या वयात आठ ते दहा तास झोप पाहिजे असं डॉक्टर सांगतात, आणि हे होणारे डॉक्टर पाच तासांवर दिवस काढतात. डिसेंबरअखेर आपल्याकडं रात्र जवळपास १३ तासांची असते. तिच्यातली निम्मीसुद्धा पोरांच्या वाट्याला येत नाही.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीच्या सणाला, आमच्याकडं घरात कुणी थांबत नाही. सोयाबीन निघालेलं असतं, तूर शेंगांनी लगडलेली, ज्वारी हुरड्यावर यायला लागलेली. शेतात कडब्याची खोप करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, खीर खायची आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबिल प्यायची. आंबिल पिल्यावर जी झोप येते ती ज्यानं अनुभवली नाही त्याला सांगून उपयोग नाही. आमचे आप्पा वर्षात एकदाच दुपारी झोपायचे, त्या दिवशी, लिंबाखाली, तोंडावर टॉवेल टाकून. उठले की एकटेच बांधाबांधानं शिवार फिरायचे. काय विचार करायचे ते कधी बोलले नाहीत, पण कुणाचं देणं राहिलंय, कोणता तुकडा पडीक ठेवायचा, भावाशी अबोला किती दिवस चालवायचा, याचा निकाल त्या फेरीतच लागायचा असं आई सांगते.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात घर गेलं. त्या वर्षीची थंडी आम्ही पत्र्याच्या शेडात काढली. पत्रा रात्री एवढा गार व्हायचा की हात लावला तर चटका बसल्यासारखं वाटायचं. साडेतीन महिन्यांनी येळवस आली. माणसं गेलेली, सण कसला करायचा, असं सगळेच म्हणत होते. आप्पांनी आंबिलाची बिंदगी, म्हणजे घागर, डोक्यावर घेतली आणि चालायला लागले. त्या दिवशी खोपीसमोर ते रडले, तीन महिन्यांत पहिल्यांदाच. मी तेव्हा १२ वर्षांची होते.

म्हणून मागच्या वर्षी एका क्लासनं नेमकी येळवशीच्या दिवशी टेस्ट ठेवली तेव्हा मला फार राग आला. जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, बाजार बंद, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि पोरं मात्र ओएमआर शीटवर गोळे काळे करत बसलेली.

आदल्या रात्री मी भज्जीसाठी तुरीच्या शेंगा, वाटाणा, पावटा असं सगळं घेऊन सोलायला बसले होते. (हे सोलणं बायकांच्याच वाट्याला येतं. येळवशीची विश्रांती गड्यांची, बाई रात्री दोनपासून चुलीपुढं, हे मी झाकून ठेवणार नाही.) टेस्टच्या काळजीनं झोप न आलेली पाच-सहा पोरं खाली आली. मी ढीग पुढं सरकवला. तुरीच्या हिरव्या शेंगेचा चीक बोटांना लागतो, बोटं काळी पडतात, मोबाइल धरवत नाही. नुसतं सोलत बसायचं. अर्धा तास कुणी बोललं नाही. मग एक जण, दोन महिन्यांत ज्यानं 'काकू, भाकरी' याच्यापुढं शब्द काढला नव्हता, तो म्हणाला, "या आठवड्यात आमच्याकडं रातची लाईट हाय. बाबा आता हरभऱ्याला पाणी देत असतील." जरा वेळानं म्हणाला, "ते जागे असतात म्हणून मला झोपावं वाटत नाही."

बारा वाजले होते. मी म्हटलं, लाव फोन. हात धुऊन आला, बापाशी दहा मिनिटं बोलला, आणि जाऊन झोपला. त्याच्या टेस्टमध्ये किती आले ते मी विचारलं नाही.

सगळ्यांनाच हिवाळ्यात बसून विचार करायची चैन परवडत नाही, हे मला कळतं. त्या पोराचा बाप रात्री गार पाण्यात दारं धरतो, बीडकडची माणसं दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. त्यांना दिवसाची लाईट आणि गावात काम मिळालं पाहिजे, तो विषय मोठा आहे. पण ज्यांना एक दिवस देणं केवळ आपल्या वेळापत्रकाच्या हातात आहे, त्यांचा तरी दिवस कापू नका. क्लासचालकांना एवढीच विनंती: येळवशीला टेस्ट नको, आणि पौष संपेपर्यंत पहिली बॅच सातला सुरू करा. दीड तासानं कुणाची सीट जात नाही.

माझा डबा येळवशीला बंद राहील. ज्यांना गावी जाणं जमत नाही त्यांनी सकाळी आठला दारात यावं, औशाकडं जीप करणार आहे. ताट-वाटी मात्र आपापली आणावी, मागच्या वेळी पत्रावळ्या पुरल्या नव्हत्या.

आपली,
एक खाणावळवाली, लातूर