राजीनामा नको, उत्तर द्या

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

स. न. वि. वि.

भोसरी एमआयडीसीत चहाच्या टपरीवर हल्ली कुणी ना कुणी तुमचा राजीनामा मागत असतं. मी मागत नाही. अर्थमंत्री गेला आणि अडकलेली बिलं सुटली, असं कधी झाल्याचं ऐकिवात नाही.

तरी या खात्यातले जुने राजीनामे आठवतात. १९५० साली जॉन मथाई गेले, नियोजन आयोग मंत्रिमंडळाच्याही वर बसेल हे त्यांना पटत नव्हतं म्हणून. १९५८ मध्ये मुंदडा प्रकरणात टी. टी. कृष्णम्माचारी गेले. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतले, त्यात मंत्र्याचा हात किती, सचिवाचा किती, यावर वाद झाला. छागला आयोगाने जबाबदारी मंत्र्याचीच ठरवली. पण मराठी माणसाला आठवतात ते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाब्याचे खासदार. जून १९५६ मध्ये नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असं जाहीर करून टाकलं. मुंबई हातची जातेय हा राग होताच. पण जुलैमध्ये राजीनामा देताना देशमुखांनी लोकसभेत आणखी एक गोष्ट सुनावली: हा निर्णय मंत्रिमंडळात चर्चेला आलाच नव्हता. रोख थेट पंतप्रधानांवर होता.

आमचा आजचा वैतागही त्याच जातीचा आहे. कर आम्ही भरतो, कुरकुरत का होईना भरतो. पण निर्णय कोण घेतं आणि जाब कुणाला विचारायचा, हे कळेनासं झालंय. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदीची घोषणा पंतप्रधानांनी केली, पुढे नियम बदलत राहिले आणि आमच्या तावडीत सापडला तो बिचारा बँकेचा मॅनेजर.

आता ४५ दिवसांचंच घ्या. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, हा कायदा २००६ चा. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कागदावर झकास! पण गिऱ्हाइकाकडे व्याज मागणारा व्हेंडर पुढची ऑर्डर विसरतो, म्हणून कुणी मागत नाही. मग २०२३ मध्ये तुमच्या खात्याने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातलं: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजावट म्हणून मिळेल. खासगी कंपन्यांचे पर्चेसवाले त्यानंतर जरा हलले, हे मान्य.

पण सरकारी खातं आयकर भरतच नाही. त्याला कसली वजावट आणि कसली भीती? मी पंपांची कंट्रोल पॅनेल बनवतो. एका सरकारी खात्याला माल दिला, बिल लावलं. उत्तर ठरलेलं: ‘ग्रँट आली नाही.’ त्या बिलावरचा जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेला मी भरलाय, ओडी (ओव्हरड्राफ्ट) खात्यातून उचलून. उशीर केला असता तर १८ टक्के व्याज लागलं असतं. म्हणजे सरकारने न दिलेल्या पैशांवरचा कर मी सरकारला कर्ज काढून दिला.

सेवाकर होता तेव्हा ५० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या सेवा देणाऱ्यांना पैसे हातात आल्यावर कर भरायची मुभा होती. सरकारी बिलांपुरती तीच मुभा आम्हाला द्या. जीएसटी परिषदेच्या अध्यक्ष तुम्ही आहात. आणि उशिराचं व्याज आम्ही मागायची वाट न बघता, बिलासोबतच निघेल अशी सोय करा.

हे तुम्ही आधीच मांडलं असेल आणि कुणी अडवलं असेल, तर तसं लोकसभेत सांगा. राज्यांनी अडवलं की वरून नकार आला, तेही सांगा. त्यासाठी पद सोडायची गरज नाही.

बिलाची आणि जीएसटी चलनाची प्रत मागवलीत तर पाठवतो. खात्याचं नाव इथे लिहीत नाही. पुढचं टेंडर तिथेच भरायचंय.

कळावे,
भोसरीतला एक लघुउद्योजक
पुणे