‘वापराल का?’ हा प्रश्न पुरेसा नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नवा उद्योग सुरू करू पाहणाऱ्यांना भांडवल, परवाने आणि जाहिरात यांविषयी भरपूर सल्ला मिळतो. परंतु आपण जे बनवणार आहोत त्याने कोणाची कोणती अडचण दूर होणार, हे आधी कसे शोधावे याविषयी फारच थोडे बोलले जाते.

काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्यासोबत मी वृद्धांना औषधाच्या वेळेची आठवण करून देणारे अ‍ॅप तयार केले. त्याआधी चाळीसेक जणांना ‘असे अ‍ॅप वापराल का?’ असे विचारले होते आणि बहुतेकांनी ‘हो’ म्हटले होते. दोन महिन्यांत वापरणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. पुढे एका आजोबांना गोळ्या घेताना शेजारी बसून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. वेळा त्यांना तोंडपाठ होत्या. डब्यात मात्र गोळ्यांच्या पाकिटांचे कात्रीने कापलेले तुकडे होते, त्यांवरचे नाव कापले गेले होते, आणि दोन सारख्याच पांढऱ्या गोळ्या ते डोळ्यांजवळ धरून ताडून पाहत होते.

‘वापराल का?’ या प्रश्नाला माणसे भिडेखातरही हो म्हणतात. ‘गेल्या वेळी गोळ्या घेताना कुठे अडलात, मग काय केलेत?’ असे विचारले असते, तर तो डबा आम्हाला पहिल्याच आठवड्यात दिसला असता.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. उपग्रहांमार्फत फोनसेवा देणाऱ्या इरिडियम या अमेरिकी कंपनीने सुमारे ५ अब्ज डॉलर खर्चून ६६ उपग्रहांचे जाळे उभारले, नोव्हेंबर १९९८ मध्ये दूरध्वनी सेवा सुरू केली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तंत्रज्ञान थक्क करणारे होते. पण जड, महाग आणि छताखाली नीट न चालणारा तो फोन ज्या फिरत्या व्यावसायिकांसाठी बनवला, त्यांचे काम तोवर साध्या मोबाइलवर भागू लागले होते. याउलट ऑनलाइन बूट विकणाऱ्या झॅपोस या अमेरिकी कंपनीचे संस्थापक निक स्विनमर्न यांनी १९९९ मध्ये दुकानांतील बुटांची छायाचित्रे संकेतस्थळावर लावली आणि मागणी आली की दुकानातून पूर्ण किमतीला बूट विकत घेऊन ग्राहकाला पाठवले. त्यात नफा नव्हता. परंतु पायात घालून न पाहता लोक बूट मागवतील का, याचे उत्तर माल साठवण्याआधीच मिळाले, आणि तेही ग्राहकांनी खरोखर मोजलेल्या पैशांतून.

आपल्या उद्योगविषयक पानावर यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती मी आवर्जून वाचतो. पहिल्या दहा ग्राहकांना त्यांनी नेमके काय विचारले होते आणि त्या उत्तरांमुळे मूळ कल्पनेतले काय बदलावे लागले, हेही त्यांना विचारावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक