नवी पिस्तूल आणि नळीतली काजळी

संपादक महोदय,

नवीन पिस्तूल घेतली, नळीत बघितलं तर आत काजळी, मग लगेच ओरड सुरू की वापरलेला माल गळ्यात मारला. खरं सांगायचं तर ती काजळी नसती तर मला जास्त काळजी वाटली असती, कारण बहुतेक कारखान्यांत प्रत्येक हत्याराची चाचणी म्हणून काही गोळ्या झाडतातच, युरोपातल्या सीआयपी (बंदुकांच्या चाचणीचे नियम ठरवणारी संस्था) नियमांत तर हँडगनची, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्वरची, प्रूफ टेस्ट (मजबुतीची चाचणी) नेहमीच्या कमाल दाबापेक्षा 30 टक्के जास्त दाबाने घेतात, म्हणजे नळी थोडी काळी पडणारच ना. तेलाचंही तसंच, गंज लागू नये म्हणून ते पॅकिंगआधी चोपडलेलं असतं, ते वंगण म्हणून पुरेल असं धरून चालू नये. ग्लॉक कंपनीच्या नव्या पिस्तुलीच्या स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) तांब्याच्या रंगाचं ग्रीस असतं आणि कंपनी स्वतःच म्हणते की ते काढू नका, तरी हौशी लोक पहिल्याच दिवशी घासूनपुसून साफ करतात!

पण धातूचा कीस, मशीनिंगचा कचरा आत राहिला असेल तर तो हलगर्जीपणाच, तिथे कंपनीला अजिबात सोडू नये. महागड्या पिस्तुलीत असं निघालं की डोकंच फिरतं.

बाकी आधी रिकामी आहे का ते बघा, मॅगझिन काढून चेंबरही (नळीमागची गोळी बसते ती जागा) तपासा, मग मॅन्युअल वाचून खोला, नळी पुसा, सांगितलंय तिथेच तेल द्या. एवढं काम घेणाऱ्याने करायला काय हरकत आहे?

– एक वाचक