छत्र्यांचे फोटो आणि मागाची खोली

सोलापूर

चि. स्नेहल हिस अनेक शुभाशीर्वाद.

मुळशीकडच्या डोंगरात खुडलेल्या छत्र्यांचे, म्हणजे रानातल्या अळंबीचे, फोटो पाठवून ‘या खाल्ल्या तर चालतील का?’ असे तू विचारले आहेस. नाही चालणार, आणि फोटो कितीही स्पष्ट असला तरी माझे उत्तर हेच राहील. छत्री ओळखायची तर टोपीखालच्या पट्ट्या, देठावरचे कडे आणि मुख्य म्हणजे मातीत गाडलेला देठाचा बुडखा पाहावा लागतो. तुम्ही त्या वरच्यावर खुडल्या, त्यामुळे बुडाशी असणारी जी पेल्यासारखी पिशवी पाहून अमॅनिटा या घातक गटाचा संशय घ्यायचा, ती असलीच तर जमिनीतच राहिली.

चांदीचा रुपया काळा पडतो, लसणाचा रंग बदलतो, किड्यांनी खाल्लेली छत्री माणसालाही चालते, या आपल्याकडच्या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. अमॅनिटातील सर्वांत जहाल विष शिजवूनही जात नाही. त्रास बहुधा 6 ते 24 तासांनी सुरू होतो, मध्ये बरे वाटल्यासारखे होते आणि त्याच काळात यकृत निकामी होत जाते. तुमच्यापैकी कोणी एखादी खाल्लीच असेल तर उलटीची वाट न पाहता, उरलेल्या छत्र्या कागदी पिशवीत घेऊन, थेट रुग्णालय गाठा. कोकणातली माणसे पावसाळ्यात वारुळावरची अळंबी निर्धास्तपणे खातात हे खरे. पण त्यांना ती जागा आणि ती जात पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते, आणि ती ओळख एका सहलीत आपल्याला येत नाही.

तुला अळंबीची गोडी लागली आहे, तर आपण ती घरीच लावू. वारुळावरची लावता येत नाही, कारण ती वाळवीच्या आधारानेच वाढते. धिंगरी ही अळंबी मात्र साध्या काडावर येते. बाबांचे माग विकल्यापासून मागची खोली रिकामीच आहे. तिच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात उभे राहवत नाही, म्हणून दिवाळीनंतर सुरुवात करून फेब्रुवारीत आवरते घ्यावे हे उत्तम. थंडीतही आपली हवा कोरडी असते, तेव्हा भिंतींना ओली गोणपाटे लावावी लागतील. खोलीत पडलेल्या रंगीत सुताच्या कचऱ्यावर अळंबी लावू या, असे बाबांनी सुचवले होते; मी साफ नकार दिला, कारण त्या रंगात काय असते ते आपल्याला ठाऊक नाही.

गव्हाचे नवे, न भिजलेले काड बोट-दीड बोट लांबीचे कापायचे, रात्रभर भिजवायचे आणि नंतर 80 अंशांच्या आसपास तासभर वाफवायचे. यात घाई केली तर पिशवीत हिरवी बुरशी माजते आणि तशी पिशवी खोलीबाहेर काढावी लागते. काड मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. मग काड आणि बियाणे, म्हणजे अळंबीचे तंतू वाढवलेले धान्याचे दाणे, यांचे थर द्यायचे. ओल्या काडाच्या वजनाच्या साधारण 2 टक्के बियाणे पुरते. भोके पाडलेली पिशवी 15 ते 20 दिवसांत आतून पांढरी धरली की प्लास्टिक काढून टाकायचे आणि दिवसातून दोन-तीन वेळा पाण्याची हलकी फवारणी करायची. टोपीची कड सपाट होऊन वर वळण्याआधी गुच्छ पिळून काढायचा. उशीर झाला तर बीजाणू धुरासारखे उडतात. बाबांना दम्याचा त्रास आहे, म्हणून खोलीत ते येणार नाहीत आणि आपण दोघी मास्क लावूनच जाऊ.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबी संशोधनाचा प्रकल्प आहे; तिथे धिंगरीच्या बियाण्याची चौकशी कर. पाकिटातले दाणे पांढऱ्याशुभ्र तंतूंनी भरलेले असावेत. हिरवा किंवा काळा ठिपका दिसला, आंबट वास आला, तर घेऊ नकोस. येताना संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने ये, दुपारच्या उन्हात बियाणे तापू देऊ नकोस.

तुझी,
आई