बॉयलर हिरवा, जळण ओलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पान तीनवर एका रुग्णालयाने डिझेलऐवजी शेतातल्या टाकाऊ मालावर चालणारा ‘हिरवा’ बॉयलर बसवल्याची बातमी आहे. रात्रीच लिहायला बसलो होतो. सौ. म्हणाली, रागात लिहू नका, सकाळी लिहा. सकाळ झाली, चहा झाला, पोहे झाले. राग आहे तिथेच आहे.

बातमी चार कॉलमी. फीत कापणाऱ्यांची नावं पदांसकट झाडून सगळी. बॉयलर किती टनांचा, धुराड्याला काय बसवलंय, जुना डिझेलचा बॉयलर जागेवर आहे की भंगारात गेला, याबद्दल एक ओळ नाही. आपल्या वार्ताहराला विचारायचं सुचलं नसेल. अल्पोपहार चांगला असावा.

मथळ्यात ‘शेतातल्या टाकाऊ मालावर चालणारा’ असं आहे. फोटोत मात्र ट्रॉलीवर सालीसकट ओंडके दिसतात, चांगले मांडीएवढे जाड. सोयाबीनच्या काडाला एवढी साल मी तरी आपल्या माळव्यात पाहिलेली नाही. नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेलं काड, शेतात पेटवून देण्यापेक्षा बॉयलरमध्ये जाळत असाल तर माझी ना नाही. एप्रिलमध्ये देवासच्या रस्त्याने गेलं की काळी शेतं दिसतात आणि डोळे चुरचुरतात. ते थांबणार असेल तर फीत कापायला मीही येतो. पण मग नरवाईच जाळा ना. ओंडके कशाला?

मी हे का बोलतोय ते सांगतो. माझी उमेदीची वर्षं इंदूरच्या एका मिलच्या बॉयलर हाऊसमध्ये गेली. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, बाकीच्याही एकेक करून गेल्या, पण वाफ कशी बनते आणि कशी बिघडते हे मी विसरलेलो नाही. गेल्या श्रावणात सौ.चं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. रुग्णालय दुसरं, नाव लिहीत नाही. तिथेही डिझेल सोडून ब्रिकेट, म्हणजे भुसा-काड दाबून केलेलं जळण, आणलं होतं आणि रिसेप्शनवर हिरव्या पानाची पाटी लावली होती. सकाळी आठची वेळ दिलेली. आदल्या रात्रीपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. नऊ वाजले, दहा वाजले. विचारावं तर ‘बस, हो रिया है.’ अकराच्या सुमारास एक सिस्टर खरं बोलली. ऑपरेशनच्या हत्यारांचे सेट ओले निघाले, पुन्हा निर्जंतुक करायला लावलेत.

मी उठून मागे बॉयलरकडे गेलो. कुणी अडवलं नाही (हीसुद्धा एक बातमीच). ब्रिकेटच्या गोण्या पत्र्याच्या शेडखाली, तीन बाजू उघड्या, पाऊस तिरपा. चांगलं वाळलेलं ब्रिकेट हाताला लाकडासारखं टणक लागतं. हे दाबलं की भुसा होत होता. बॉयलरवरचा मुलगा म्हणाला, ‘भिया, माल गीला आ गया, प्रेशर नी बन रिया.’ त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याला जे दिलं ते तो भट्टीत घालत होता.

ऑटोक्लेव्हला, म्हणजे हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायच्या यंत्राला, वाफ लागते 121 अंशांवर निदान पंधरा मिनिटं, नाहीतर 134 अंशांवर तीन-चार मिनिटं, आणि तीही कोरडी. ओलं जळण भट्टीत गेलं की बरीचशी उष्णता त्यातलं पाणी उडवण्यातच खर्च होते. दाब पडतो, लाईनमध्ये वाफेबरोबर पाणी यायला लागतं आणि कापडात बांधलेली हत्यारं ओलीच बाहेर येतात. असा सेट निर्जंतुक धरत नाहीत, परत लावावा लागतो. मिलमध्ये कोळसा भिजला तर रंग कमी-जास्त बसायचा, साहेब शिव्या घालायचे आणि विषय संपायचा. इथे टेबलावर माणूस झोपलेला असतो.

ऑपरेशन संध्याकाळी झालं. सौ. आता ठणठणीत आहे, वर आलंच आहे. बिलात मात्र काही कमी झालं नाही, ‘ग्रीन’ म्हणून सूटही नाही. डिझेलचे वाचलेले पैसे कुणाच्या खिशात जातात तेवढं तरी छापा.

बातमीत ‘अमेरिकेतही हेच चालतं’ असं एक वाक्य आहे. चालतं की. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनच्या कूली डिकिन्सन रुग्णालयात 1984 सालीच लाकडाच्या चिपांवरचा बॉयलर बसला. पण तिकडे हिवाळाभर अख्खी इमारत तापवावी लागते, भट्टी विझतच नाही. आपल्याकडे वाफ लागते ती सीएसएसडी (हत्यारं निर्जंतुक करणारा विभाग), लाँड्री आणि किचनला, तीही कधी जास्त, कधी अजिबात नाही. लाकडाची भट्टी बटण दाबून पेटत नाही आणि बटण दाबून विझतही नाही. सारखी पेटवत-दाबत राहिलात की नुसता धूर, आणि तो शिरणार वरच्या मजल्यावरच्या दम्याच्या पेशंटच्या खिडकीतून. ‘कार्बन शून्य’ तर सोडूनच द्या. तेवढ्याच उष्णतेसाठी लाकडातून निघणारा कार्बन डायऑक्साइड नैसर्गिक वायूच्या साधारण दुप्पट असतो. तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरं तेवढंच वाढेल तेव्हा तो हिशेब मिटायचा. लावलंय का कुणी?

आणि गॅसच हवा असेल तर देवगुराडियाला आपला गोबरधन प्लांट आहे की! फेब्रुवारी 2022 मध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, रोज 550 टन ओला कचरा घ्यायची क्षमता, त्याच्या सीएनजीवर शहरातल्या बस धावतात. आमच्या घरची मेथीची देठं वेगळ्या डब्यातून इमानेइतबारे तिकडे जातात. त्या गॅसवर रुग्णालयाचा एखादा बॉयलर चालेल का, हे विचारायला वार्ताहर पाठवा. फीत नसेल तिथे, पण जाऊन या म्हणावं.

त्या रुग्णालयालाही विचारा, जळणासाठी बंद, कोरडं गोदाम आहे का? एक लिटर डिझेलच्या जागी अडीच किलोच्या आसपास ब्रिकेट लागतं, शेडमध्ये मावणारं प्रकरण नव्हे ते. आणि पावसाळ्यात दाब पडला तर चालू करायला दुसरा बॉयलर ठेवलाय का? उत्तरं छापलीत तर दोन वर्षांची वर्गणी एकदम भरतो.

जाता जाता आणखी एक. या फोटोला जागा करायला म्हणून की काय, आमच्या शेजारच्या काकूंची निधनवार्ता आपण मागे ढकललीत. उठावना, म्हणजे शोकसभा, मंगळवारी होऊन गेला. बातमी काल, बुधवारी आली, तीही ‘आज सायंकाळी’ अशी. माणसं रिकाम्या हॉलवर जाऊन परत आली आणि त्यांचा मुलगा रात्रीपर्यंत फोनवर प्रत्येकाची माफी मागत होता. दुरुस्ती छापणार असाल तर चार कॉलम नकोत, चार ओळी पुरेत.

आपला,
एक जुना वर्गणीदार
रामबाग, इंदूर